चावी खिशातच, गाडी चालू!

चावी आणि हॉस्टेलवाल्यांचं नातं तसं फार जवळचं. रूमची चावी, कपाटाची चावी, सायकलची चावी, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री हमखास हरवणारी लॉकरची चावी! पण हल्ली गाडीवाल्यांची चावी मात्र खिशातून बाहेरच येत नाही. माणूस दाराच्या हँडलला हात लावतो, दार उघडतं. आत बसतो, क्लच दाबतो, डॅशबोर्डवरचं गोल बटण दाबतो, इंजिन सुरू! बघणाऱ्याला वाटतं, बटणात काहीतरी जादू आहे.

जादू वगैरे काही नाही. फर्स्ट इयरचं फिजिक्स, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडी क्रिप्टोग्राफी आणि शंभर वर्षांपूर्वीची एक मोटर, एवढाच मसाला आहे. पण हे सगळं समजून घेणं फक्त मार्कांसाठी नाही. या बटणामुळे जगात काही माणसं जिवानिशी गेली आहेत आणि पुष्कळ गाड्या चोरीला गेल्या आहेत. म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, जे स्टाफमधले लोक अशी गाडी चालवतात आणि जे कॅम्पस प्लेसमेंटनंतर घेणार आहेत, त्या सगळ्यांसाठी हा लेख.

आधी एक स्पष्टीकरण. मराठी विभागात सोलेनॉइड, रिले, अँटेना असे शब्द दिसले म्हणून मराठीप्रेमी सरांनी रागावू नये. घाटकोपरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये जा, अस्सल मराठी मेकॅनिकसुद्धा 'सोलेनॉइड गेला' असंच म्हणतो.

हँडलपासून सेल्फपर्यंत

पेट्रोल किंवा डिझेल इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही, हा सगळ्याचा मूळ मुद्दा. आत हवा ओढायला आणि ती दाबायला पहिल्यांदा कोणीतरी बाहेरून क्रँकशाफ्ट फिरवून द्यावी लागते. जुन्या मोटारींना पुढून हँडल मारायचे ते यासाठीच. कधीकधी इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडायचं. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर आला आणि हा त्रास संपला. आपले मेकॅनिक आजही 'जरा सेल्फ मार' म्हणतात ना, तो हाच सेल्फ!

चावी फिरवूनच सेल्फ मारायची सोय मात्र नंतरची. ती क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली. म्हणजे गंमत बघा, त्याआधी बऱ्याच गाड्यांत सेल्फसाठी वेगळं बटण किंवा पायाने दाबायचा स्विच असायचा. बटणावरून चावीवर आलो आणि चावीवरून परत बटणावर!

आता थोडं गणित. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. स्टार्टर मोटर साध्या पेट्रोल गाडीतसुद्धा १०० ते २०० अँपिअर करंट खेचते. लोड आला की व्होल्टेज उतरतं, म्हणून १० व्होल्ट आणि १५० अँपिअर धरू. झाले १५०० वॅट, म्हणजे दीड किलोवॅट. हॉस्टेलवर लपूनछपून वापरतात त्या पाणी तापवायच्या रॉडइतकी पॉवर! (रेक्टर सरांनी हे वाक्य सोडून पुढे वाचावं.)

एवढा करंट चावीच्या किंवा बटणाच्या बारीक वायरमधून गेला तर वायर जळेल. म्हणून चावी फक्त रिलेला इशारा देते, रिले सोलेनॉइडला करंट देतो आणि सोलेनॉइड दोन कामं करतो. एक, स्टार्टरचं छोटं दातेरी चाक पुढे सरकवून फ्लायव्हीलच्या मोठ्या चाकात अडकवतो. दोन, बॅटरी आणि मोटर यांचा जाड कॉन्टॅक्ट जोडतो. इंजिन घर्रघर्र फिरतं आणि पेट घेतं. ही सगळी व्यवस्था बटणाच्या गाडीतही तशीच्या तशी आहे. बदललं आहे ते फक्त 'सेल्फ मारायची परवानगी कोणी द्यायची' हे.

चावीत चिप शिरली

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी आठवतात? कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या. तिचं उत्पादन २००० च्या सुमारास बंद झालं आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदतही संपली. त्या पिढीच्या गाडीला एकच प्रश्न कळायचा: चावीचे दाते कुलपाशी जुळतात का? स्टेशनबाहेर बसणारा चावीवाला दहा मिनिटांत डुप्लिकेट घासून द्यायचा, आणि चोराला तर चावीही लागायची नाही. स्विचच्या मागच्या वायरी जोडल्या की काम झालं.

यावर उपाय आला इमोबिलायझर. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी एक चिप बसवली. तिला स्वतःची बॅटरी नाही. चावीच्या खाचेभोवती एक कॉइल असते. ती १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि त्यातून चिपच्या कॉइलमध्ये व्होल्टेज निर्माण होतं. आपला जुना दोस्त ट्रान्सफॉर्मर, फक्त प्रायमरी गाडीत आणि सेकंडरी चावीत! एवढ्याशा पॉवरवर चिप जागी होते, आपली ओळख पटवते, आणि मगच इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल आणि स्पार्क देतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८ पासून नव्या कारना हे सक्तीचं झालं. आता चावीवाल्याने दाते हुबेहूब घासले तरी इंजिन चालू राहत नाही.

मग इंजिनियर लोकांच्या डोक्यात आलं, ओळख जर रेडिओनेच पटते, तर ती खाचेत घालायची कटकट कशाला? खिशातूनच पटवू या की! मर्सिडीजने १९९० च्या दशकाच्या अखेरीस एस-क्लासमध्ये 'कीलेस-गो' आणलं. आपल्याकडे आधी महागड्या गाड्यांत, मग २०१० साली आलेल्या निस्सान मायक्रासारख्या छोट्या गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये ही सोय दिसली. पिंपरीत बनणाऱ्या टाटा अल्ट्रोझबरोबर २०२० साली तर मनगटावर घड्याळासारखी बांधायची चावी मिळू लागली. थोडक्यात, हा आता श्रीमंतांचा शौक राहिलेला नाही.

खिशातल्या चावीशी गप्पा

आता मुख्य फंडा. तुम्ही दाराच्या हँडलवरचं बटण दाबता किंवा हँडलला हात लावता. त्या क्षणी पुढच्या गोष्टी घडतात:

१) दारातली, बंपरमधली आणि आतली छोटी अँटेना १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारतात: 'आपली चावी जवळ आहे का?'

२) खिशातली चावी ती हाक ऐकून झोपेतून उठते.

३) गाडी एक मोठी रँडम संख्या पाठवते. चावी आपल्याजवळच्या गुप्त संख्येने त्यावर गणित करते.

४) चावी उत्तर ४३३.९२ मेगाहर्ट्झवर पाठवते.

५) गाडीने तेच गणित स्वतः केलेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं.

हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

हुशार वाचक विचारेल, जायला एक फ्रिक्वेन्सी आणि यायला दुसरी, हा काय प्रकार? सांगतो. १२५ किलोहर्ट्झची वेव्हलेंग्थ काढा. प्रकाशाचा वेग ३ लाख किलोमीटर प्रति सेकंद, भागिले १,२५,००० म्हणजे २.४ किलोमीटर! साधारण लोकलच्या एका स्टेशनापासून पुढच्या स्टेशनाएवढी. एवढ्या लांब लहरीसमोर गाडीतलं बोटभर अँटेना म्हणजे काहीच नाही. त्यामुळे ते लहर लांब फेकू शकत नाही, फक्त भोवती चुंबकीय क्षेत्र तयार करतं. आणि असं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. अंतर दुप्पट झालं तर क्षेत्र एक अष्टमांश. १ मीटरवरून १० मीटरवर गेलात तर एक हजारांश! म्हणजे गाडीची हाक मुद्दामच दबक्या आवाजातली आहे. दीड-दोन मीटरच्या पलीकडे ती ऐकूच जाऊ नये, हीच डिझाइनची इच्छा. नाहीतर तुम्ही चौथ्या मजल्यावर जेवत बसाल आणि खाली कोणीही येऊन तुमची गाडी उघडेल.

चावीचं उत्तर मात्र ४३३.९२ मेगाहर्ट्झवर येतं, वेव्हलेंग्थ साधारण ६९ सेंटीमीटर. यासाठी चावीतलं छोटं अँटेना पुरतं आणि कमी पॉवरमध्ये डेटा पटकन जातो.

दुसरा प्रश्न: चावी खिशात आडवी-तिडवी कशीही पडलेली असते, मग तिला हाक कशी ऐकू येते? फॅरेडेचा नियम आठवा. कॉइल क्षेत्राला समांतर बसली तर तिच्यातून फ्लक्स जातच नाही, व्होल्टेज शून्य. म्हणून चावीत एक नाही, तीन कॉइल असतात, एकमेकींना काटकोनात. एक्स, वाय, झेड! चावी कशीही पडो, एखादी तरी ऐकतेच. शिवाय तिन्हींची बेरीज करून सिग्नलचा जोर मोजता येतो. कुठल्या अँटेनाचा सिग्नल किती जोरात आला यावरून चावी गाडीत आहे की बाहेर, हे गाडी ठरवते. दार उघडायला चावी बाहेर चालते, पण इंजिन सुरू करायला ती आतच हवी. नाहीतर मालक बाहेर गप्पा मारतोय आणि आतल्या छोट्या मुलाने बटण दाबलं, की संपलंच!

तिसरा प्रश्न बॅटरीचा. चावीत बहुधा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल असतो, क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-अवर. चावी सतत कान देऊन बसलेली असते. समजा त्यासाठी ५ मायक्रोअँपिअर करंट लागला, तर २२० भागिले ०.००५ म्हणजे ४४,००० तास, म्हणजेच ५ वर्षं! प्रत्यक्षात मधूनमधून उत्तरंही द्यावी लागतात, सेल स्वतःही थोडा उतरतो, म्हणून एक ते तीन वर्षांत तो बदलावा लागतो.

आणि सेल संपलाच तर? घाबरू नका. चावीच्या पोटात एक साधी धातूची पात असते, तिने दार उघडतं. मग बहुतेक गाड्यांत चावी थेट बटणाला टेकवून किंवा ठरलेल्या खाचेत ठेवून बटण दाबायचं. तिथे तीच जुनी बिनबॅटरीची ट्रान्सफॉर्मरवाली युक्ती असते. नवीन पद्धत फेल गेली की जुनी धावून येते. आपली जागा नेमकी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा. रात्री अकराला मुलुंड चेकनाक्यावर मॅन्युअल वाचायला मजा येत नाही.

बटण दाबल्यावर पुढे काय?

बटण म्हणजे फक्त एक विनंती आहे. बटणामागचा कॉम्प्युटर आधी प्रश्न विचारतो. चावी आत आहे का? मॅन्युअल गाडीत क्लच दाबलाय का? ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबलाय का आणि गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे का? सगळ्यांची उत्तरं 'हो' आली तर स्टिअरिंगचं कुलूप सुटतं, इग्निशनचे रिले लागतात. मग हा कॉम्प्युटर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर कॅन बस नावाच्या दोन वायरींवरून एकमेकांची ओळख पटवतात. शेवटी स्टार्टरचा रिले लागतो. क्लच न दाबता बटण दाबलं तर इंजिन सुरू न होता फक्त रेडिओ, दिवे वगैरे लागतात, ते यामुळेच.

चावीच्या गाडीत इंजिन पेटलं की आपण आवाजावरून ओळखतो आणि चावी सोडतो. बटणाच्या गाडीत हे काम क्रँकशाफ्टचा सेन्सर करतो. सेल्फवर इंजिन साधारण १५० ते २५० आरपीएमने फिरतं. पेट घेतल्यावर ते झपकन वर जातं. ठरलेली मर्यादा ओलांडली की कॉम्प्युटर स्टार्टर सोडवतो. इंजिन पेटलंच नाही तर काही सेकंदांनी तोच थांबतो, म्हणजे मोटर जळत नाही. म्हणून बटण एकदा टिचकीसारखं दाबलं तरी पुरतं.

इलेक्ट्रिक गाडीत तर स्टार्टरच नाही. तिथे बटण दाबल्यावर फक्त 'रेडी' दिसतं, आवाज शून्य. परवानगीचा भाग मात्र अगदी हाच.

हजेरी, प्रॉक्सी आणि गाडीचोर

आता थोडं चोरांच्या बाजूने विचार करू. अलीबाबाच्या गोष्टीत 'तिळा तिळा दार उघड' हा पासवर्ड एकदा ऐकला की कोणालाही गुहेत जाता येतं. कारण पासवर्ड रोज तोच. गाडीने रोज तोच कोड घेतला असता तर चोराने एकदा रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी वाजवला असता. म्हणून गाडी दर वेळी नवीन रँडम संख्या देते. सर रोज 'प्रेझेंट?' न विचारता रोज नवीन गणित विचारू लागले तर 'येस सर'चं रेकॉर्डिंग काय कामाचं?

पण गणिताची गुप्त संख्याच छोटी असेल तर? जुन्या एका प्रसिद्ध चिपमध्ये ती ४० बिटांची होती. २ चा ४० वा घात म्हणजे साधारण एक लाख कोटी. ऐकायला प्रचंड, पण २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी ती तासाभराच्या आत शोधून दाखवली. तरी गंमत म्हणजे २०१८ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांना टेस्ला मॉडेल एसच्या चावीत तीच ४० बिटांची पद्धत सापडली! आता चांगल्या चाव्यांत १२८ बिटांची एईएस पद्धत असते. तिच्या शक्यता म्हणजे ३४ वर ३७ शून्यं. सगळ्या जगाचे कॉम्प्युटर लावले तरी एकेक करून तपासणं अशक्य.

म्हणजे आता चोर हरला? नाही ना! इथेच खरा झोल आहे.

समजा सर हजेरी घेताहेत. रोज नवीन गणित विचारताहेत. एका पोराने बाकावर मोबाईल स्पीकरवर ठेवलाय आणि मित्र बोरिवलीला घरी पलंगावर लोळतोय. सरांनी गणित विचारलं, मोबाईलमधून खऱ्या मित्राने खरं उत्तर खऱ्या आवाजात दिलं. उत्तर बरोबर, आवाज बरोबर, फक्त पोरगा वर्गात नाही! गणित कितीही अवघड करा, ही प्रॉक्सी पकडली जात नाही, कारण सोडवणारा खराच आहे.

गाडीच्या बाबतीत याला रिले अटॅक म्हणतात. एक चोर गाडीजवळ, दुसरा घराच्या दाराशी किंवा हॉटेलात तुमच्या खुर्चीमागे. पहिल्याचं यंत्र गाडीची दबकी हाक पकडून दुसऱ्याकडे पाठवतं, दुसऱ्याचं यंत्र ती चावीला ऐकवतं. चावीला वाटतं गाडी शेजारीच आहे. ती इमानदारीत उत्तर देते. दार उघडतं, इंजिन सुरू होतं. कोड कोणीच फोडलेला नाही! २०११ साली झुरिकच्या ईटीएचमधल्या फ्रान्सिओं, दानेव्ह आणि चापकुन या तिघांनी ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर हे करून पाहिलं. दहाच्या दहा उघडल्या आणि सुरूही झाल्या.

चूक कुठे झाली? गाडीने 'हाक ऐकू आली' याचा अर्थ 'चावी जवळ आहे' असा लावला. सिग्नलचा जोर वाढवता येतो, म्हणून जोरावरून अंतर ठरवणं कच्चं. मग पक्कं काय? वेळ! सरांनी स्टॉपवॉच लावलं, तर मोबाईलवरून फिरून आलेलं उत्तर थोडं उशिराच येणार. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. चावी २ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४ मीटर, साधारण १३ नॅनोसेकंद. चावी ३० मीटरवरच्या घरात असेल तर ६० मीटर, २०० नॅनोसेकंद. चोर सिग्नल मोठा करू शकतो, पण प्रकाशापेक्षा वेगाने पाठवू शकत नाही. आइन्स्टाइनसाहेब वॉचमन म्हणून उभे! अल्ट्रा-वाइडबँड नावाच्या नव्या पद्धतीत हेच मोजतात. तिचं ८०२.१५.४झेड हे स्टँडर्ड २०२० साली आलं. जुन्या पद्धतीत चावीचं उत्तर यायलाच काही हजार मायक्रोसेकंद लागतात, त्यात २०० नॅनोसेकंदांचा उशीर म्हणजे दर्यामें खसखस.

मग चावीची साधी गाडीच बरी का? तसंही नाही. अमेरिकेत २०२१-२२ च्या सुमारास ह्युंदाई आणि किआच्या हजारो गाड्या चोरीला गेल्या, त्या फिरवायच्या चावीच्या आणि इमोबिलायझर नसलेल्या होत्या. त्याच कंपन्यांच्या बटणवाल्या गाड्यांत इमोबिलायझर होता, त्यामुळे त्या या युक्तीला बधल्या नाहीत. म्हणजे प्रश्न बटण की चावी हा नाहीच. परवानगी देण्याआधी गाडी काय तपासते, हा प्रश्न आहे.

सोय आहे, पण सांभाळून!

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. चावी फिरवून काढली की इंजिन बंद, हे आपल्या हाताला पाठ झालेलं असतं. बटणाच्या गाडीत हा हाताचा पुरावाच गेला. त्यातून तीन धोके निर्माण झाले.

पहिला, चावी घेऊन उतरणारा माणूस. आई गाडी चालवतेय, चावी बाबांच्या खिशात. आईने बाबांना अंधेरी स्टेशनला सोडलं, बाबा चर्चगेट फास्टमध्ये चढले. गाडी बीप करते, 'चावी सापडत नाही' असं दाखवते, पण इंजिन बंद करत नाही. ते बरोबरच आहे. चालत्या गाडीचं इंजिन हायवेवर अचानक बंद पडलं तर जीव जाईल. आई घरी पोचते, बटण दाबून गाडी बंद करते, आणि आता ती परत सुरू होत नाही! तोवर बाबा दादरला. म्हणून नियम: जो चालवणार त्याच्या खिशात चावी. ती बीप ऐकू आली की गाडी बंद करण्याआधी चावी शोधा.

दुसरा धोका जिवावरचा. नवीन इंजिनं शांत. काही गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, म्हणजे शांतता झाली तरी गाडी बंद झालीच असं नाही. हायब्रिड गाडीत तर थोड्या वेळाने इंजिन आपलं आपण सुरूही होतं. अमेरिकेत घराला लागून बंद गॅरेज असतं. माणसं गाडी चालू ठेवून घरात गेली आणि कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच गेली. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ साली २००६ पासूनचे असे २८ मृत्यू मोजले होते. या गॅसला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्यानंतर टोयोटासारख्या कंपन्यांनी ठरावीक वेळाने इंजिन आपोआप बंद व्हायची सोय जाहीर केली. आपल्याकडे घरोघरी बंद गॅरेज नाही, पण टॉवरची बेसमेंट पार्किंग आहेत, आणि उन्हाळ्यात एसी लावून गाडीत झोपणारे ड्रायव्हरकाकाही आहेत. बंद जागेत चालू गाडीत झोपू नका, कोणी झोपलेलं दिसलं तर काच वाजवून उठवा.

तिसरा, चालती गाडी बंद कशी करायची? २८ ऑगस्ट २००९ ला अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एका लेक्ससचं अ‍ॅक्सिलरेटर चुकीच्या फ्लोअर मॅटखाली अडकलं. गाडी थांबेना. त्या गाडीत धावताना इंजिन बंद करायला बटण तीन सेकंद दाबून धरावं लागायचं. गाडी डीलरकडून तात्पुरती मिळालेली, म्हणजे अनोळखी. आतले चौघेही गेले. चुकून बोट लागून इंजिन बंद पडू नये म्हणून ही तीन सेकंदांची सोय, आणि घाबरलेला माणूस मात्र बटण टकटक दाबतो! बहुतेक गाड्यांत दोन-तीन सेकंद धरून किंवा लागोपाठ तीनदा दाबून इंजिन बंद होतं, पण नक्की काय ते आपल्या मॅन्युअलमध्ये वाचा. त्याआधी ब्रेक दाबून धरा आणि गिअर न्यूट्रलला टाका. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, हेही ध्यानात ठेवा.

आणि मुंबईकरांसाठी चौथा: पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ला, कलिना, साकीनाका सगळं पाण्यात. काचा आणि दारं न उघडल्यामुळे काही जण गाडीतच गुदमरून गेले. तेव्हा पाणी चढू लागलं की वीज चालू आहे तोवर काच खाली करा आणि गाडी सोडून बाहेर पडा. गाडी परत मिळते. पाण्यात बंद पडलेल्या गाडीचं बटण मात्र पुन्हा दाबू नका! हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. चावी काय, खिशात असतेच, आणि बोट आपोआप बटणाकडे जातं. आवरा ते बोट. गाडी टो करून गॅरेजला न्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

• घरी चावी दाराजवळच्या खुंटीला लावू नका, आतल्या खोलीत ठेवा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बऱ्यापैकी काम करतो. खात्री करायची तर चावी डब्यात घालून गाडीपाशी जा. दार उघडलं तर डबा बाद, मेसच्या काकांना परत द्या.

• दोन्ही चाव्या जपा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सहसा दोन्ही चाव्या मागते.

• गाडीला नवीन चावी शिकवता येते, आणि ती यंत्रं चोरांकडेही असतात. पार्किंगमध्ये अनोळखी माणसाच्या हातात चावी देताना विचार करा. जुना साधा स्टिअरिंग लॉक अजूनही उपयोगी आहे, कारण त्याला रेडिओ समजत नाही!

• उतरताना बटण दाबलं, डॅशबोर्ड काळा झाला, हे डोळ्यांनी बघा. मगच दार लावा.

आणि हो, व्हायवात एक्स्टर्नलनी विचारलं, 'पुश बटण स्टार्टमध्ये बटण नक्की काय करतं?' तर पानभर उत्तर देत बसू नका. एका ओळीत सांगा: 'सर, बटण फक्त विचारतं. हो म्हणणारे दुसरेच असतात.' मग पुढचे प्रश्न आपोआप येतील, आणि त्यांची उत्तरं वर आहेतच!

– टी.ई., इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन